कपड्यांची कबर

नांदेडहून मी निघाले ती मुंबई बघायला नव्हे, चीन ऐकायला. हसू नका. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. अशोक झाला, शिवाजी महाराज झाले, फ्रेंच राज्यक्रांतीसुद्धा झाली, पण चीन दर वर्षी दीड पानात उरकला जायचा. निवृत्त झाल्यावर कळलं की मुंबईत परदेशी अभ्यासकांची आठवडाभर व्याख्यानं आहेत, चीनचं साहित्य, इतिहास, चालीरीती. लेक म्हणाली, "आई, हे सगळं मोबाइलवर मिळतं." म्हटलं, मोबाइलला प्रश्न विचारता येत नाही. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तो माझा नव्हता, आणि विचारताना माझी जीभ लाकडाची झाली होती.

दादर स्टेशनाबाहेर टॅक्सीवाल्याला नायगावातल्या चाळीचं नाव सांगितलं तर म्हणतो, "मावशी, ती तर तुटणार आहे. तिकडे कोण राहतंय आता?"

"माझा मामेभाऊ राहतो," म्हटलं. "तो तुटायचा नाही."

पण चाळीत शिरल्यावर माझा तोरा उतरला. लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा या गॅलऱ्यांमधून पाय ठेवायला जागा नसायची. आता निम्म्या दारांना कुलपं आणि दारांवर लाल रंगाने टाकलेले नंबर. माणसं ट्रान्झिटमध्ये (नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरांत) गेलेली. जिन्याच्या कोपऱ्यात कुणाची तरी फुटकी कुंडी, त्यात तुळस नाही, कोरफड नाही, नुसती माती. तिसऱ्या मजल्यावर यशवंतदादा दारातच उभा होता. गोदीतून निवृत्त झालेला सहा फुटी माणूस, पण आता खांदे उतरलेत. "जय भीम, नंदे! आलीस एकदाची!" म्हणाला आणि हसता हसता हात तोंडावर नेला. मला वाटलं लाजला. तसं नव्हतं, कवळी ढिली झाली होती.

"नवी का नाही करून घेत?" मी विचारलं.

"सांगून सांगून माझं तोंड दुखलं," आतून शालूवहिनी म्हणाल्या. "याला दुसरा डॉक्टर नको आणि पहिल्याकडे जायचं तोंड नाही."

दादाने विषय बदलला. वहिनींनी सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. आम्ही मराठवाड्याची माणसं, मासळीला जरा बिचकून असतो, पण मी दोनदा मागून घेतलं. झोपायला मला बाबासाहेबांच्या फोटोखाली जागा दिली. जानेवारीचा गारवा होता, फरशीवर वहिनींनी जाड गोधडी अंथरली. छान मऊ गोधडी, एकच तक्रार. एका निळ्या तुकड्यावर कापडाचीच दोरी वळून केलेलं गाठीचं बटण राहून गेलं होतं, ते कुशीवर वळलं की बरगडीत टोचायचं. सकाळी वहिनींना म्हटलं, "एवढी सुगरण तू, आणि बटण काढायला विसरलीस?" त्या म्हणाल्या, "विसरले नाही." आणि चहा ओतायला लागल्या. 

पहिलं व्याख्यान गिरगावात होतं. दादा बरोबर आला, कारण विषय होता भारतात आलेले चिनी भिक्षू. "आपल्याकडून नेलेला धम्म त्यांनी जपला गं, आणि आपण घालवला," हे त्याचं रस्ताभर चालू. त्या नादात आम्ही एका बोळातल्या चुकीच्या हॉलमध्ये घुसलो. तिथे कुणाचा तरी साखरपुडा. आम्ही बसलो, कुणीतरी सरबत दिलं तेही प्यायलो, आणि नवऱ्या मुलीचा मामा "आपण कुणाकडून?" असं विचारायला आला तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "चीनकडून." बाहेर येऊन मी पोट धरून हसले. त्या आठवड्यातलं माझं तेच शेवटचं मोकळं हसणं.

खऱ्या हॉलमध्ये प्राध्यापक फांग बोलत होत्या. साठीच्या, बारीक केस कापलेल्या, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. वाळवंटातून चालत येणारे भिक्षू, पाठीवरची पोथ्यांची ओझी, परत घरी न पोचलेले कितीतरी. दादा कानात प्राण आणून ऐकत होता. तेवढ्यात त्याची नजर मागच्या रांगेकडे गेली. तिथे एक म्हातारा चिनी गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसला होता. दादा उठला, म्हणाला, "मी बाहेर थांबतो," आणि गेला. भिक्षू अर्ध्या वाळवंटात असताना गेला, म्हणजे काहीतरी मोठंच असणार.

चहाच्या वेळी तो म्हातारा माझ्याकडे आला. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत होते, तो म्हणतो, "ताई, तुम्ही यशवंताची बहीण ना? मी वाँग. परळला माझं दाताचं दुकान. तुमच्या भावाचे दात मीच केलेत."

"तुम्ही तर चक्क मराठी बोलता!"

"मग काय बोलू? इथंच जन्मलो, इथंच म्हातारा झालो. चिनी मला शिव्यांपुरती येते. आमच्या घरातली भाषा वेगळी, या बाईंची वेगळी. इंग्लिश बोलायला गेलो की ततपप होतं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "परवा त्यांचं लेक्चर आहे, मेलेल्या माणसाच्या रीतीभातींचं. मला एक सवाल विचारायचाय. माझ्या वतीने विचाराल?"

"विचारीन की. काय प्रश्न आहे?"

"तेव्हाच सांगतो," वाँगशेठ म्हणाले. "आधी सांगितलं तर तुम्ही नाही म्हणाल."

दुसऱ्या दिवशी वहिनींना मसाला करून हवा होता म्हणून दादा आणि मी लालबागला गेलो. त्या गल्लीत डंख (मिरच्या कुटायची यंत्रं) धडधडत असतात आणि हवेत खकाणा. शिंका देत देत मी दादाला विचारलंच. "त्या वाँगशेठचं आणि तुझं काय रे?"

 पदराने डोळे पुसणाऱ्या बायकांच्या रांगेत उभा राहून त्याने सगळं सांगितलं. वाँगशेठ आणि त्यांची बायको लान आमच्याच चाळीत, तळमजल्याला राहायचे. मूलबाळ नाही, एक पुतण्या कॅनडात. दादाचा हा जिगरी दोस्त, वाँग्या म्हणायचा त्याला. लानवहिनी तर साऱ्या चाळीची. दर सहा डिसेंबरला चाळीतल्या बायकांबरोबर पांढरी साडी नेसून, येणाऱ्या लोकांना पाणी वाटायला उभी राहायची. मागच्याच्या मागच्या वर्षी वाँगशेठचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ते बेशुद्ध, नळ्या लावलेले, आणि इकडे लानवहिनी जिन्यात कोसळली ती उठलीच नाही.

"डॉक्टर म्हणाले, त्याला आत्ता काही सांगू नका, जाईल तो. पुतण्याचा नंबर वाँगच्या फोनमध्ये, फोन बंद. मे महिना. कुणीतरी म्हणालं, यांच्यात काय करतात? मी म्हटलं, अरे चिनी म्हणजे बौद्धच की! आपलीच माणसं!" दादाने नाक शिंकरलं. "भंतेजींना बोलावलं. पांढरी साडी नेसवली. त्रिशरण, पंचशील, सगळं व्यवस्थित. अख्खी चाळ होती गं, नंदे. आईला केलं नसेल इतकं केलं. मीच अग्नी दिला. राख दादरच्या समुद्रात सोडली, कर्मकांड म्हणून नाही, तिला समुद्र आवडायचा म्हणून."

"मग?"

"मग तो शुद्धीवर आला. त्यांच्यात पुरतात. वडाळ्याच्या बाजूला त्यांची दफनभूमी आहे, आईबाप तिथे, शेजारी दोघांची जागा राखलेली. हाडं लागतात त्यांना, हाडांशी बोलतात ते वर्षातून एकदा. मी हाडं ठेवलीच नाहीत. वाँग दारात येऊन म्हणाला, यशवंता, तू माझी बायको हरवलीस. दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. तेव्हापासून बोलत नाही. आता महिनाअखेर पुतण्याकडे चाललाय, कायमचा."

मसाल्याची पिशवी घेऊन आम्ही परतलो. दोघांचे डोळे लाल होते आणि दोघांनीही खकाण्याला दोष दिला.

तिसरं व्याख्यान दादरला होतं. मी दादाला म्हटलं, येऊ नकोस. तो म्हणाला, "येणार. काय विचारतो ते मला ऐकायचंय." तो भिंतीला टेकून उभा राहिला. वाँगशेठ माझ्या शेजारी बसले. प्राध्यापक फांग घराबाहेर मेलेल्यांबद्दल बोलत होत्या: सीमेवर गेलेले शिपाई, बुडालेले खलाशी, परत न आलेले. आणि मग त्यांनी कपड्यांच्या कबरीची गोष्ट सांगितली. प्रेत सापडलं नाही की जुन्या काळी त्या माणसाचा वापरलेला कपडा घेऊन घरचा माणूस छपरावर चढे, उत्तरेकडे तोंड करून कपडा हलवत त्याला तीनदा हाक मारी, आणि मग तो कपडा पुरत.

वाँगशेठनी माझं मनगट धरलं.  "विचारा ताई. विचारा, हरवलेल्या माणसाला चालतं ते ठीक. पण जाळलेल्या माणसाला चालेल का?"

मी माइक घेतला. इंग्रजीत प्रश्न विचारला. प्राध्यापकबाईंना नीट कळलं नाही. त्यांनी विचारलं, "पण प्रेत असताना का जाळलं? कुणी जाळलं?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता आणि दादा भिंतीजवळ. मी वाँगशेठना मराठीत विचारलं, काय सांगू? ते म्हणाले, "सांगा, शेजाऱ्याने."

मी सांगितलं. 'ए नेबर.' दोन शब्द. माझ्या मामाच्या मुलाबद्दल, माझ्या तोंडून, माइकवर. त्या एका क्षणी मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की काय सांगू! आणि लगेच त्याचा हात अजून माझ्या मनगटावर आहे हे जाणवलं आणि रागही धरवेना.

प्राध्यापक फांगनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या की जुन्या पंडितांमध्येही यावर भांडणं होती. शरीर नसलेली कबर खोटी, असं काही म्हणत. लोक मात्र करत राहिले. कारण कुठलंही असो, शरीर नाही म्हणजे नाही. त्यांच्या मते चालावं. एकच गोष्ट जपावी, त्या कबरीत जिवंत माणसाचा कपडा चुकूनही जाऊ देऊ नये, ते फार अशुभ मानतात.

वाँगशेठना मी शब्दन्‌शब्द सांगितलं. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "कपडा कुठाय, ताई? दवाखान्यातून आलो तर कपाट रिकामं. लोकांनी तेही वाटून टाकलं."

भिंतीजवळ दादा नव्हता.

घरी पोचले तर तो पाठ करून खिडकीशी बसला होता आणि वहिनींना सगळं कळलेलं होतं. मी पिशवी ठेवतेय तोवर त्यांनी माझी वळकटी उलगडली. गोधडी. निळ्या तुकड्यावरच्या गाठीच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे तिचं जाकीट. लग्नातलं. गेलेल्याचे कपडे घरात ठेवत नाहीत म्हणून बायकांनी वाटून घेतले, पण हे मला देववेना. बटण राहू दिलं, म्हटलं एवढी तरी ओळख राहू दे तिची. तू सोमवारपासून लानच्या अंगावर झोपतेयस, नंदाताई."

 खोटं कशाला सांगू, आधी शिसारी आली आणि मग रडू.

दुसरा सबंध दिवस वहिनी ब्लेड घेऊन गोधडी उसवत बसल्या. कारण बाकीचे तुकडे जिवंत बायकांचे होते, त्यांचा स्वतःचा लुगड्याचा काठ, सुनेचा ड्रेस. "काय मेले बारीक टाके घातलेत मी," असं पुटपुटत होत्या. माझ्या हातात त्यांनी ब्लेड दिलं नाही. संध्याकाळी मांडीवर उरलं ते निळ्या जाकिटाचे चार तुकडे आणि त्याच्या अस्तराचा एक फुलाफुलांचा. ते घेऊन मी एकटीच परळला दुकानात गेले. वाँगशेठनी बटणावरून अंगठा फिरवला, फिरवतच राहिले.

"हाक कोण मारणार?" मी विचारलं. "तुम्हाला तर जिना चढायची बंदी."

"ज्याने जाळली त्याने," ते म्हणाले. "त्याला सांगा. तूच घालवलीस, आता तूच बोलाव."

दादा हे ऐकून उसळला. "मी? मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस! आत्मा-बित्मा मी मानत नाही. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो. आता गच्चीवर उभा राहून भुताला हाका मारू?"

"मानायला कोण सांगतंय?" शालूवहिनी कडाडल्या. "हाक मारायला सांगतायत. शेजारणीला कधी हाक मारली नाहीस? रोज मारायचास, वहिनी चहा टाका म्हणून!"

 सकाळी पाहिलं तर दादा स्वच्छ पांढरा सदरा घालून, दाढी करून तयार होता.

वाँगशेठ काठी टेकत अंगणात आले आणि खाली, त्यांच्या कुलूपबंद खोलीसमोर उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, नमस्कार नाही, शब्द नाही. दादा आणि मी गच्चीवर गेलो. उत्तर कुठली यावरून आमची जरा वादावादी झाली. शेवटी दादाने गोदीतल्या अनुभवाने दादरच्या बाजूला तोंड केलं. निळा तुकडा वर धरला, दुसरा हात कवळीशी नेला, आणि मोठ्याने ओरडला:

"लानवहिनी! चला, घरी चला!"

रिकाम्या चाळीत आवाज घुमला. दुसरी हाक मारताना तो फाटला. तिसरी जेमतेम मला ऐकू आली. खालून वाँगशेठ म्हणाले, "बस. झालं. खाली ये." पण दादा हलेना. तो उत्तरेकडे बघत उभाच राहिला, कोणाची तरी वाट बघतात तसा. शेवटी मीच दंडाला धरून त्याला खाली आणलं.

वडाळ्याच्या त्या दफनभूमीत गवत माजलेलं. दगडांवर चिनी अक्षरं, पलीकडे मालगाड्यांचे डबे जोडल्याचे आवाज. वाँगशेठनी आईवडिलांच्या दगडापुढे संत्री, भात आणि उकडलेली कोंबडी मांडली, उदबत्त्या लावल्या. वहिनींनी डब्यातून सुक्या बोंबलाची चटणी काढून हळूच त्यात ठेवली. "तिला आवडायची." जाकिटाचे तुकडे लाल कापडात गुंडाळून हातभर खड्ड्यात ठेवले. माती लोटताना वाँगशेठनी दादाच्या हातात फावडं दिलं. काम झाल्यावर त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "दात ढिले झालेत तुझे. जायच्या आधी दुकानात येऊन जा." एवढंच. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि दादानेही मागितली नाही.

त्या रात्री मी नुसत्या चटईवर झोपले. दुसऱ्या दिवशी नांदेडची गाडी धरली. फांगबाईंचं कवितांवरचं शेवटचं व्याख्यान राहूनच गेलं, त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. घरी आल्यावर लेकीने विचारलं, "काय मग, कळला का चीन?"  मेलेल्यावर आपल्या रीतीने प्रेम करून चालत नाही, त्याच्या रीतीने करावं लागतं, एवढं कळलं म्हणावं; पण त्यासाठी चीनपर्यंत कशाला जायला हवं होतं?

परवा वहिनींचा फोन आला. वाँगशेठ कॅनडाला गेले. चाळही रिकामी झाली, हे दोघं ट्रान्झिटमध्ये आलेत, तोडकाम सुरू झालंय. "दात छान बसलेत," त्या म्हणाल्या, "पण तुझा भाऊ वेड्यासारखं करतोय. रोज संध्याकाळी उठतो आणि तिथे पत्र्यांच्या कुंपणाशी जाऊन उभा राहतो. बोल तूच त्याच्याशी."

दादाने फोन घेतला. मी रागावले. म्हटलं, काय चाललंय तुझं? मानत नाहीस ना तू हे सगळं?

"नाही मानत," दादा म्हणाला. "अजिबात नाही. पण चूक झाली गं, नंदे, पुन्हा माझ्याच हातून. सवयीने तोंडातून गेलं, घरी चला. कबरीत चला म्हणायला पाहिजे होतं. आता घर तर पाडलं. मानत नाही मी. पण बोलावलंय तर कुणीतरी तिथे असायला नको? आलीच, तर सांगायला, की वहिनी, आपण आता इथे राहत नाही."